राजा अनोळखी, स्वयंपाकघर ओळखीचं

हरियाणाच्या रोहतक जिल्ह्यात फरमाना नावाचं एक गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा साडेचार हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, मडकी आणि एक दफनभूमी उजेडात आली. पुढे अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या संशोधकांनी तिथली खापरं आणि माणसांचे दात सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खापराच्या आतल्या अंगाला मुरलेलं खरकटं आणि दातांवर चढलेलं कीटण, एवढीच त्यांची सामग्री. वनस्पतीतल्या पिष्टाचे कण जातीजातीला वेगळ्या आकाराचे असतात आणि शिजले की फुगून वेडेवाकडे होतात. त्यामुळे कोणती वनस्पती आणि ती कच्ची की शिजवलेली, दोन्ही गोष्टी कळू शकतात. फरमानाच्या मडक्यांत आणि दातांत ओळख पटली ती आल्याची आणि हळदीची.

ही बातमी फुटली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘जगातला पहिला रस्सा सापडला’ म्हणून जेवणावळच उठवली. हळद आणि आलं सापडणं म्हणजे रस्सा सापडणं नव्हे. आपल्या आजच्या रश्शात पडणारी मिरची, टोमॅटो आणि बटाटा तर अमेरिकेतून गेल्या पाचशे वर्षांत इथं आले. तरीही साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या घरात हळद-आलं घातलेलं काहीतरी शिजत होतं, हे सांगता येतं. त्या घरातल्या माणसाचं नाव मात्र सांगता येत नाही. तो कोणती भाषा बोलत होता, त्याच्यावर राज्य कोणाचं होतं, हेही नाही.

फरमाना हे सिंधू संस्कृतीतलंच गाव, आणि त्या संस्कृतीचा सगळा इतिहास असाच आहे. इजिप्तचे फेरो आपल्याला नावानिशी, कुळासकट माहीत आहेत. तिथल्या सामान्य माणसाच्या चुलीकडे संशोधकांचं लक्ष बरंच नंतर गेलं. सिंधूच्या खोऱ्यात उलटं झालं. लिपी अजून वाचता आलेली नाही. चारशेच्या आसपास चिन्हं, आणि बहुतेक लेख पाच-सहा चिन्हांत संपणारे. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. लेखच मुके असल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना गटार, विहीर, बांगडी, मणी आणि हाडं यांच्याकडे वळावं लागलं. माझं म्हणणं असं, की यात तोटा झाला त्याहून फायदा जास्त झाला.

शोधाची हकीकत थोडक्यात अशी. रावीकाठच्या हडप्प्याचा ढिगारा एकोणिसाव्या शतकातच इंग्रजांना माहीत होता. लाहोर-मुलतान लोहमार्गाचं काम निघालं तेव्हा ठेकेदारांनी तिथल्या भाजलेल्या विटा गाड्या भरभरून नेल्या आणि रुळांखाली घातल्या. सुमारे दीडशे किलोमीटरच्या मार्गाला पुरतील इतक्या विटा त्या शहरातून गेल्या. १९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पा आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी सिंधमधलं मोहेंजोदडो खणायला घेतलं. सप्टेंबर १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका साप्ताहिकातून हा शोध जगासमोर मांडला आणि भारताचा इतिहास एका झटक्यात दोन-अडीच हजार वर्षं मागे गेला. त्यानंतर मोहेंजोदडोला जे खणायला गेले, त्यात पंढरपूरला जन्मलेले काशिनाथ नारायण दीक्षित होते. पुढे ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

मोहेंजोदडोचं नाव घेतलं की शाळेच्या पुस्तकातलं महास्नानगृह आठवतं. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, अडीच मीटर खोल, आणि पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर. बांधकाम म्हणून ते थोर आहेच. पण त्या शहराची खरी करामत घरांच्या मागच्या बाजूला आहे. जर्मन संशोधक मायकेल यान्सेन यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या मोहेंजोदडोत सातशेच्या घरात विहिरी असाव्यात. सिंधूसारखी नदी हाकेच्या अंतरावर असताना प्रत्येक वस्तीला स्वतःची विहीर! गोल विहिरीसाठी विटाही खास पाडलेल्या. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या, त्यामुळे कडं गच्च बसतं आणि बाहेरच्या मातीच्या दाबाने आणखीच आवळलं जातं. शतकानुशतकं पुराचा गाळ आणि पडक्या घरांचा राडारोडा साचून रस्त्यांची पातळी वर येत गेली, तसतसे लोक विहिरीच्या भिंतीही वर उचलत गेले. आज उत्खननात आजूबाजूची माती काढून टाकल्यामुळे त्या विहिरी जमिनीवर मनोऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. विहीर वर पाहताना मान मागे करावी लागते, असं जगात फार थोड्या ठिकाणी होत असेल.

पाणी आलं की सांडपाणी आलं. बहुतेक घरांत विटांचा उतरता, कडेने उचललेला न्हाणीचा ओटा आहे. त्याचं पाणी भिंतीतल्या मोरीतून बाहेरच्या गटारात पडतं. अनेक घरांत शौचकूपही आहेत. गल्लीतलं गटार विटांचं, वरून विटांनी किंवा दगडी फरश्यांनी झाकलेलं, आणि ती झाकणं काढता येतील अशी. मध्ये मध्ये खड्डे ठेवलेले, म्हणजे गाळ तळाशी बसावा आणि पाणी पुढे जावं. आता यातून एक सरळ गोष्ट निघते. गटार बांधणं हे एकदाचं काम; उपसणं हे कायमचं. झाकण काढून गाळ उपसणारी माणसं, त्यांच्यावर देखरेख करणारं कोणीतरी, आणि त्याचा खर्च उचलणारी काहीतरी व्यवस्था तिथं सातशे वर्षं चालू होती. त्या व्यवस्थेला राजा म्हणा, पंचायत म्हणा किंवा नगरपालिका. तिचा शिलालेख नाही. कामाचा पुरावा मात्र गल्लोगल्ली आहे. आपल्या शहरांत दर पावसाळ्यात नालेसफाईचे जे आकडे छापून येतात, ते वाचताना मला हे लोक हटकून आठवतात. असो.

विटांचंही तसंच. उंची, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण एकास दोनास चार. हडप्प्याला, मोहेंजोदडोला, राजस्थानातल्या कालीबंगनला आणि गुजरातमधल्या लोथलला तेच. या गावांमध्ये शेकडो किलोमीटरची अंतरं आहेत. वजनांचा हिशेब आणखी काटेकोर. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे गुळगुळीत घासलेले चौकोनी ठोकळे. सगळ्यात छोटं एक ग्रॅमहूनही हलकं, मोठं दहा किलोच्या वर. लहान वजनं दुपटीने चढत जातात: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. त्यातलं सगळ्यात जास्त सापडणारं वजन सोळा भागांचं, म्हणजे १३.७ ग्रॅमच्या आसपासचं. रुपयाचे सोळा आणे हा हिशेब तिथूनच आला असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. मध्ये हजारो वर्षांची पोकळी आहे, म्हणून मी तो दावा करणार नाही. पण दुपटीने आणि चौपटीने मोजण्याची सवय या मातीत जुनी आहे, एवढं नक्की.

आता एक मणी हातात घेऊ. लांबुळका, तांबडालाल, बोटाएवढा किंवा त्याहून लांब, आणि टोकापासून टोकापर्यंत आरपार सरळ भोक. लाल अकिकाचा हा मणी सिंधू संस्कृतीचं सगळ्यात अवघड काम. दगड गुजरातेतल्या भरूचजवळच्या रतनपूर परिसरातल्या खाणींतून यायचा. खाणीतून निघतो तेव्हा तो लाल नसतो, मळकट पिवळसर-तपकिरी असतो. मडक्यात घालून मंद आचेवर पुन्हा पुन्हा तापवला की आतल्या लोहाचा रंग फिरतो आणि दगड लाल होत जातो. मग टिचक्या मारून आकार, मग घासणं, आणि शेवटी भोक. इथं खरी मेख आहे. अकीक पोलादाहून कठीण, आणि या लोकांकडे तर लोखंडही नव्हतं. सिंधमधल्या चन्हुदडोला १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांना दगडी गिरमिटांची बारीक बारीक टोकं सापडली. त्यांचा हिरवट-करडा, अतिशय कठीण दगड कारागिरांनी बहुधा भाजून मुद्दाम तयार केलेला होता. त्याला आता मॅके यांच्याच नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हणतात. केनॉयर आणि विदाले या संशोधकांनी खंबातच्या परंपरागत कारागिरांकडून शिकून, कमानीने गिरमिट फिरवून प्रयोग केले. तासाभरात भोक पुढे सरकतं अडीच मिलिमीटर. म्हणजे बारा सेंटिमीटरच्या एका मण्याला नुसत्या भोकापायी अठ्ठेचाळीस तास, तेही हात न थांबता. शेवटच्या क्षणी दगड तडकला की सगळं मुसळ केरात. कराचीजवळच्या अल्लाहदिनोला असे छत्तीस लांब मणी ओवलेला एक कमरपट्टा सापडला आहे. तो कोणाच्या कमरेला होता ते माहीत नाही, पण तो बनवताना किती खांदे दुखले असतील त्याचा हिशेब आज मांडता येतो.

हेच मणी दोन हजार किलोमीटरहून लांब, इराकमधल्या उर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांत निघाले. तिथल्या लोकांना लिहिण्याची आणि ते लिहिलेलं मातीच्या पाट्यांवर जपण्याची आवड. त्यांच्या लेखांत ‘मेलुह्हा’ नावाच्या देशाचा उल्लेख येतो. अक्कडचा राजा सारगॉन, आपल्या धक्क्याला मेलुह्हाची जहाजं लागतात, अशी फुशारकी मारतो. मेलुह्हा म्हणजे सिंधूचं खोरं, यावर आता बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कडकाळातली एक मुद्रा आहे. तिच्यावर मालकाचं नाव आणि हुद्दा कोरलेला आहे: शु-इलिशु, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. म्हणजे जी भाषा आज जगात कोणालाच वाचता येत नाही, ती बोलून पोट भरणारा एक माणूस तिथं नावानिशी सापडतो.

आपल्याकडच्या मुद्रांचा उपयोग लोथलने दाखवला. एस. आर. राव यांनी १९५५ पासून लोथल खणलं. तिथला विटांनी बांधलेला सव्वादोनशे मीटर लांबीचा तलाव ही गोदी होती की साठवणीचं तळं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्या वादापेक्षा शेजारच्या वखारीत मिळालेले मातीचे साठाहून अधिक लाखोटे जास्त बोलके वाटतात. वखारीला कधीतरी आग लागली, माल जळाला आणि ओल्या मातीवर उठवलेले शिक्के भाजून पक्के झाले. पुढच्या बाजूला मुद्रेचा ठसा, आणि मागच्या बाजूला गोणपाटाची वीण, चटईचे पट्टे, दोरीच्या गाठी. गाठोडं बांधून गाठीवर चिकणमातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर शिक्का मारायचा. गाठोडं वाटेत कोणी उघडलं तर कळावं, ही सोय. व्यापाऱ्याचा माल गेला, पण सुतळीची गाठ टिकली.

कापूस मात्र टिकत नाही. ओलाव्यात तो कुजतोच. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला मिळाला आणि धातूच्या गंजातल्या क्षारांनी तो वाचवला. त्या धाग्यांची तपासणी झाली ती मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर या तंत्रज्ञांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा खरा कापूस असल्याचं सांगितलं आणि १९२८ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केलं. तिथल्या कापडावर मंजिष्ठेचा लाल रंगही आढळला. गिरणगाव ऐन भरात असताना त्याच शहरात जगातल्या अतिप्राचीन सुती कापडांपैकी एकाची परीक्षा झाली, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

शेताचा पुरावाही असाच नशिबाने मिळाला. कालीबंगनला १९६० च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांना नांगरलेल्या शेताच्या सऱ्याच मिळाल्या, हडप्पा शहराच्या भरभराटीच्याही आधीच्या. एका दिशेच्या सऱ्या तीस-तीस सेंटिमीटरवर, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या दुसऱ्या जवळपास दोन-दोन मीटरवर. त्या भागातले शेतकरी आजही अशीच उभी-आडवी पेरणी करतात: दाट ओळींत कडधान्य, विरळ ओळींत मोहरी.

जेवणाकडे पुन्हा वळायला हवं, कारण तिथं आजची भांडणं येऊन बसली आहेत. उत्खननात मिळणाऱ्या पाळीव जनावरांच्या हाडांत गाय-बैल-म्हशींचा वाटा सरासरी निम्म्याहून जास्त असतो, आणि अनेक हाडांवर कापल्याच्या खुणा असतात. २०२० च्या डिसेंबरात अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरं यांची चरबी आणि थोडं दूधदुभतं दिसलं. कच्छमधल्या कोटडा भडलीच्या खापरांत तर दूध तापवल्याचे आणि त्यावर प्रक्रिया केल्याचे स्पष्ट अंश मिळाले. सोबत गहू, जव, मसूर, मूग, तीळ होतेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पाकालीन जेवणाचा कार्यक्रम झाला आणि त्यातून मांसाहारी पदार्थ ऐन वेळी वगळले गेले. आपल्या पानात काय असावं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या पानातलं काढून घ्यायचा कोणालाच नाही.

भव्य गोष्टींबाबत पुरातत्त्वाचे अंदाज कसे घसरले, तेही सांगितलं पाहिजे. मोहेंजोदडोचा साडेसतरा सेंटिमीटरचा दाढीवाला पुतळा १९२५-२६ च्या हंगामात दीक्षितांना सापडला आणि त्याचं बारसं ‘पुरोहित राजा’ असं झालं. तो पुरोहित होता याला पुरावा नाही, राजा होता यालाही नाही. मॉर्टिमर व्हीलर यांनी ज्या वास्तूला ‘धान्यकोठार’ म्हटलं, तिथं धान्याचा जळका दाणाही मिळालेला नाही. याच व्हीलर यांनी मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतले चाळीसेक सांगाडे पाहून आर्यांच्या स्वारीत कत्तल झाली असं १९४७ मध्ये लिहिलं, आणि ती कत्तल पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला आली. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिलं, की हे सांगाडे एका थरातले नाहीत, एका वेळचेही नाहीत. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली तेव्हा घावाच्या खुणा जेमतेम एक-दोघांवर निघाल्या. राजवाडा, सम्राटाचं थडगं, विजयस्तंभ यांतलं काहीच इथं निःसंशय सापडलेलं नाही. मोठी नावं गळून पडत गेली. मोरी, मणी आणि माप जागच्या जागी राहिले.

आणि खेळणी. मातीच्या बैलगाड्या, शिट्ट्या, मान हलवणारे बैल घरोघर मिळतात. फासेही आहेत, फक्त आपल्या फाशात समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते, मोहेंजोदडोच्या काही फाशांत एकच्या समोर दोन, तीनच्या समोर चार आणि पाचच्या समोर सहा आहे.

नव्या तंत्रांचंही हातचं राखून वाचलेलं बरं. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतल्या हाडांतून डीएनए मिळवायचा प्रयत्न साठाच्या आसपास नमुन्यांवर झाला. उष्णतेने बहुतेकांचा डीएनए नष्ट झालेला. अखेर एकाच स्त्रीच्या कानाच्या आतल्या बाजूच्या हाडातून तो मिळाला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गवताळ मैदानातल्या पशुपालकांचा वंशांश तिच्यात नव्हता, आणि तिच्यासारखा वारसा आजच्या बहुसंख्य भारतीयांत आहे. एका बाईच्या हाडावरून लाखो लोकांच्या संस्कृतीबद्दल किती बोलायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. दूरचित्रवाणीवर तर आर्य बाहेरून आले की इथलेच, या वादातल्या दोन्ही बाजूंनी विजय साजरा केला.

इसवी सनपूर्व १९०० च्या सुमारास शहरं ओस पडू लागली. पावसाचं मान घटलं, नद्यांच्या वाटा बदलल्या, लांबचा व्यापार मंदावला. घग्गर-हाक्रा या जुन्या नदीच्या पात्राचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की सतलजने ते पात्र आठ हजार वर्षांपूर्वीच सोडलं होतं; हडप्पाकालीन वस्त्या वाहत्या महानदीकाठी नव्हे, तर तिने सोडून दिलेल्या सुपीक खोऱ्यात वाढल्या. लोक नाहीसे झाले नाहीत. ते गंगा-यमुनेच्या वरच्या अंगाला सरकले, गुजरातेत पांगले. वजनं, मुद्रा आणि लिपी मात्र मागे पडली. शहर चालवायचं नसेल तर त्यांची गरज काय?

त्यातले काही धागे दख्खनपर्यंत पोचले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथं खणलं, तेव्हा उत्तर हडप्पाकालीन थर मिळाला आणि त्यात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरं होती. त्याआधी १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याच्या हाताला काशाच्या चार वस्तू लागल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. वजन एकूण साठ किलोच्या वर. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर आजही मतभेद आहेत, कारण त्या उत्खननातल्या थरातून मिळालेल्या नाहीत. कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी, किती खोल, हे नोंदलं गेलं नाही की वस्तू कितीही सुंदर असो, तिची साक्ष अर्धी राहते.

महाराष्ट्रात नदीकाठच्या कित्येक गावांना पांढरी आहे, आणि तिची माती खत म्हणून ट्रॉल्या भरून शेतात टाकण्याची जुनी वहिवाट आहे. ती माती म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती आणि खापरं. तुमच्या गावच्या पांढरीत रंगवलेली खापरं, मणी, हाडं किंवा दगडी पाती दिसली, तर उपसू नका आणि धुऊन कपाटातही ठेवू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कायदा अजून लागू आहे.